मामांची ओळ

लेकीचा बायोडेटा करायला बसलो होतो, मागच्या दिवाळीनंतरची गोष्ट. तिनेच मोबाईलवर कुठला तरी साचा शोधला होता, वर गणपती आणि कडेने सोनेरी वेलबुट्टी. नाव, जन्मवेळ, रास, नाडी भराभर झालं. उंचीत तिने अर्धा इंच वाढवला, मी बघून न बघितल्यासारखं केलं. मग ओळ आली, मामा.

"शेती लिही," मी म्हणाले.

"आई, दहा गुंठे आहेत. तेही खंडाने दिलेत."

"मग काय लिहिणारेस?"

ती काही बोलली नाही. ओळ तशीच रिकामी ठेवून खाली 'अपेक्षा'वर गेली.

माझा एकुलता एक भाऊ, दादा, ५२ वर्षांचा आहे. तासगावला आईजवळ राहतो. त्याला स्किझोफ्रेनिया आहे. हे वाक्य मी पहिल्यांदाच असं सलग लिहितेय. घरात इतकी वर्षं आम्ही 'त्याचं ते' म्हणत आलो. त्याचं ते वाढलंय. त्याचं ते असताना हा विषय नको. मराठी पुस्तकांत 'छिन्नमनस्कता' असा शब्द सापडला तेव्हा तर इंग्रजीच बरं वाटलं. छिन्न म्हटलं की मला देवळाबाहेरच्या मोडक्या मूर्ती दिसतात. जपानमध्येही लोकांना जुन्या नावाचा असाच त्रास व्हायचा, त्यांनी २००२ साली आजाराचं नावच बदलून टाकलं. आपल्याकडे अजून कितीतरी लोकांना वाटतं की स्किझोफ्रेनिया म्हणजे एका माणसात दोन माणसं. तसं काही नसतं. दादा कायम दादाच होता.

१९९४ साली तो सांगलीला डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला होता. मार्गशीर्षात एका दुपारी वळकटी घेऊन घरी आला तो परत गेलाच नाही. पोरं खोलीत माझ्याबद्दल कुजबुजतात, एवढंच म्हणाला. आईला वाटलं प्रेमाचं काहीतरी असेल. बाबांना वाटलं विषय राहिले असणार. मग त्याने रेडिओ टॉवेलमध्ये गुंडाळून माळ्यावर टाकला. दूरदर्शनच्या संध्याकाळच्या बातम्या लागल्या की तो उठून टीव्हीच्या मागे जाऊन उभा राहायचा. समोर बसलं की बातम्या देणारी बाई म्हणे त्याच्याकडे बघून मध्येच थांबते. आम्ही हसलो होतो त्याला. मीही हसले होते.

पुढच्या उन्हाळ्यात गच्चीवर वाळवण गोळा करताना त्याने मला विचारलं, "तुला खरंच ऐकू येत नाही?"

दोन माणसं होती. एक आपल्याकडचा, एक पुण्याचा. पुण्याचा जरा तोऱ्यात बोलायचा. दोघं त्याच्याशी बोलत नव्हते, त्याच्याबद्दल बोलत होते, दिवसभर. आता हा उठला. आता हा पाणी पिणार. बघ, डाव्या हाताने घेतलंन. कबड्डीच्या सामन्याला माईकवर कोणी बसतं ना, तसं. मी विचारलं, "आत्ता काय म्हणतायत?" तो थोडा वेळ ऐकत राहिला आणि म्हणाला, "ही घाबरली म्हणतायत."

घाबरले तर होतेच. सुपातल्या कुरडया तशाच टाकून खाली आले.

आमचे बाबा प्राथमिक शाळेत गुरुजी. तीसपर्यंत पाढे, शिवाय पावकी, निमकी, दीडकी, अडीचकी, सगळं रोज संध्याकाळी दिव्यापुढे. आवाज वाढले की दादा एकोणतीसचा पाढा म्हणायचा. एकोणतीस एके एकोणतीस, एकोणतीस दुणे अठ्ठावन्न, एकोणतीस त्रिक सत्त्याऐंशी. एकोणतीसचाच का, तर सोपा पाढा म्हणताना त्यांचं ऐकू येतं म्हणे. शेजारच्या काकूंना वाटायचं हा कसले तरी मंत्र म्हणतोय. बाबांना तर ते पाढ्यांची विटंबना केल्यासारखं लागायचं.

कितीतरी वर्षांनी मिरजेच्या डॉक्टरांना हे सांगितलं तर ते खूश झाले. म्हणाले, हा उपाय त्याचा त्याने शोधलाय. बरेच पेशंट गुणगुणतात, आकडे मोजतात, मोठ्याने वाचतात, तेवढ्यापुरता आवाज दबतो. त्यांनीच समजावलं की आपण सगळेच मनात बोलत असतो, आणि हे बोलणं माझंच आहे ही खूण मेंदू आपोआप करत असतो. ती खूण करायची राहिली तर आपलेच शब्द परक्याच्या तोंडून आल्यासारखे ऐकू येतील. आवाजांबद्दल जे काही तर्क आहेत त्यातला हा एक मोठा. भास चालू असताना मेंदूचे स्कॅन काढले तर बोलण्याऐकण्याचे भाग खरोखरच जागे झालेले दिसतात. म्हणजे दादाला ऐकू येत होतं ते येतच होतं. आम्ही मात्र वर्ष-दीड वर्ष त्याला बजावत होतो की कोणी नाहीये, मनाचे खेळ आहेत सगळे. त्यातून त्याने एकच अर्थ काढला, की घरचेही त्यांना सामील आहेत.

बाहेरचं बघून झालं. एका देवऋषाने पाठीवर उदबत्तीचे चटके दिले, ते डाग अजून दिसतात, बनियन बदलताना. नरसोबाच्या वाडीला आई त्याला घेऊन सव्वा महिना राहिली. त्याबद्दल मी वाईट बोलणार नाही. पहाटे उठायचं, कृष्णेत अंघोळ, दोन वेळा घंटानाद, त्यात त्याला बरं वाटायचं. आरतीच्या आवाजात ते दोघं गप्प बसतात म्हणाला. आरती संपली की सुरू.

अशा पेशंटना क्लोरप्रोमाझीन हे भासांवरचं औषध पहिल्यांदा दिलं गेलं ते १९५२ साली, पॅरिसमध्ये. आमच्या घरातून मानसोपचार तज्ज्ञाच्या दारात जायला १९९६ उजाडलं. अंतर तासगाव ते सांगली, एसटीने पाऊण तास.

गोळ्यांनी आवाज खाली आले, पण दादा लाकडासारखा झाला. हात न हलवता चालायचा, चमचा धरला की थरथर. त्यासाठी वेगळी पॅसिटेनची गोळी. चार महिन्यांत त्याने सगळंच बंद केलं. "मला काही झालेलं नाही, तुम्ही खा." याला आम्ही हट्ट म्हणायचो. आपल्याला काही झालंय हे न कळणं हाच या आजाराचा भाग आहे, हे तेव्हा कोणी सांगितलं नव्हतं. पाय मोडला तर डोक्याला कळतं की पाय मोडलाय. इथे कळवणाराच आजारी.

आता जे लिहायचं ते आईला आवडणार नाही. तिला वाचता येईल एवढी अक्षरं मोबाईलवर मोठी होतात, म्हणून आधीच सांगून ठेवलंय.

१९९७ च्या पावसाळ्यात कोणीतरी सुचवलं की चव-वास नसलेलं औषध मिळतं, थेंबांचं, जेवणात घाला. आईने घातलं. दादाची आमटीची वाटी आधी वेगळी काढायची, ओट्याकडे तोंड करून बाटली कलती करायची, ढवळायची, मग ताट. मी पोळ्या लाटत शेजारी असायचे. तोपर्यंत दादाचा ठाम समज होता की त्याच्या अन्नात कोणीतरी काहीतरी मिसळतंय. आम्ही शपथा घेऊन सांगायचो, अरे कोण कशाला मिसळेल. आणि नेमकं तेव्हाच आम्ही मिसळायला लागलो.

औषध लागू पडलं, हेही खरं. दोन-अडीच महिने घर शांत होतं. दादा पेपर वाचायला लागला, गणपतीची आरास केली. नवरात्रात एक दिवस तो पाणी प्यायला म्हणून स्वयंपाकघरात आला आणि आईचा हात वाटीवर होता.

तो ओरडला नाही. तांब्या खाली ठेवला आणि बाहेर गेला. त्या दिवसापासून घरात शिजलेलं काहीही त्याने खाल्लं नाही. केळी खायचा, भुईमुगाच्या शेंगा खायचा, उकडलेली अंडी खायचा, तीही स्वतः सोलून. नारळही स्वतः फोडायचा. ज्याला साल आहे तेवढंच. पाणी नळाखाली ओंजळ धरून. बाबा म्हणाले, बघा वेड किती वाढलंय. मला मात्र तेव्हाच कळलं होतं की या घरात या घडीला सगळ्यात शहाणपणाने तोच वागतोय.

हे सात महिने चाललं. सुटका झाली ती डॉक्टरांनी सरळ त्याच्याशी बोलल्यावर. आम्हाला बाहेर बसवून. काय बोलले ते दादा मला खूप नंतर म्हणाला: "त्यांनी विचारलं, झोप येते का. म्हटलं नाही. म्हणाले, झोपेसाठी घेशील?" बस्स. आवाज खरे की खोटे हा वाद त्यांनी घातलाच नाही. दादाने एक अट घातली, पाकीट मी फोडणार. आजतागायत तसंच आहे. रात्री साडेनऊला तो स्वतः कात्रीने पट्टी कापतो, गोळी घेतो, रिकामा कप्पा आईला दाखवतो. कोणी मागत नाही तरी दाखवतो. आता कधी कधी वाटतं, तो आम्हालाच धडा देतोय.

पुढच्या वर्षी माझं लग्न झालं. स्थळाला सांगितलं होतं की मुलीचा भाऊ पुण्याला कंपनीत असतो. लग्नाच्या आदल्या दिवशी दादाला कवठेमहांकाळला मावशीकडे पाठवलं. सोबत पट्टी, चार जोड कपडे आणि बुंदीचे लाडू, डबा सील करून. कानपिळीला चुलतभाऊ उभा राहिला. त्याने यांचा कान इतक्या जोरात पिळला की मांडवभर हशा झाला, आणि लाह्या माझ्या ओंजळीत घालतानाही तोच. अल्बममध्ये सगळे आहेत. चौथ्या महिन्यात सासरी कळलं तेव्हा सासूबाई एवढंच म्हणाल्या, "आधी सांगितलं असतंत तर आम्ही काय खाल्लं असतं का तुम्हाला?" मला आजही नक्की माहीत नाही, त्यांनी सांगितल्यावर होकार दिला असता की नाही.

बाबा १९९९ ला निवृत्त झाले आणि दादा दोन वर्षांत दोनदा बिघडला, गोळ्या चालू असताना. एकदा अकरा दिवस बेपत्ता. आज १४४१६ हा फुकटचा नंबर आहे, मनाच्या कुठल्याही तक्रारीसाठी, २०२२ पासून. तेव्हा आम्ही शेजारच्यांच्या फोनशेजारी बसून होतो. बाबा दिवसभर घरात आणि दादा दिवसभर पायरीवर. तो अंघोळ करत नव्हता, दाढी नाही, हाक मारली तर मान वळायला वेळ लागायचा. बाबांनी आयुष्यभर पोरांना कामाला लावलेलं. "खायला काळ आणि भुईला भार" हे वाक्य त्या काळात आमच्या घरात दिवसातून किती वेळा झालं असेल, मोजलं नाही. मायाही तेवढीच. रात्री उठून त्याच्या अंगावर पांघरूण आहे का बघायचे. सकाळी पुन्हा भुईला भार.

लोकांना आवाज आणि संशय तेवढा आजार वाटतो. ते गोळीने बऱ्याच अंशी हटतं. मागे जे उरतं, इच्छाच न होणं, चेहऱ्यावर काही न उमटणं, चार वाक्यांच्या पुढे लक्ष न टिकणं, ते गोळीला फारसं दाद देत नाही. आणि घरच्यांना तो माणसाचा स्वभाव वाटतो. तापाला कोणी आळशी म्हणत नाही.

डॉक्टरांनी बाबांना एक आकडा सांगितला. लंडनला १९७० च्या दशकात पेशंटच्या घरातल्या बोलण्याचा अभ्यास झाला होता. सतत टीका, राग किंवा अति काळजी असलेल्या घरात पेशंट परत लवकर बिघडतात, आणि अशा माणसाच्या समोरासमोर आठवड्याला ३५ तासांहून जास्त काढावे लागले तर आणखीच. बाबांना ओरडलेलं कळलं नसतं, आकडा कळला. घरी येऊन त्यांनी वहीत हिशेब मांडला. आमच्या घरचे ९० च्या वर निघाले. दुसऱ्या दिवसापासून ते सकाळी डबा घेऊन वाचनालयात जायला लागले. लोक म्हणायचे, गुरुजींना निवृत्तीनंतर वाचनाचा नाद लागला. २०११ साली गेले तोवर हा नाद टिकला. शेवटपर्यंत त्यांनी दादाला सॉरी वगैरे काही म्हटलं नाही, आमच्याकडे ती पद्धत नाही.

दोन वेगवेगळी औषधं पुरेसा काळ देऊनही उपयोग झाला नाही म्हणून २००६ मध्ये क्लोझापिन सुरू झालं. यात पांढऱ्या पेशी अचानक घटायचा धोका असतो, म्हणून पहिले १८ आठवडे दर आठवड्याला रक्त. सोमवारी दादा बाही वर करून एसटीत बसायचा. रात्री लाळ इतकी गळते की उशीवर टॉवेल घालावा लागतो, वजन चौदा किलोंनी वाढलं, पोट साफ होतंय का याकडे डोळ्यात तेल घालून बघावं लागतं कारण त्यानेही जीवावर बेतू शकतं. बिडी सोडायची तरी डॉक्टरांना सांगून, कारण धुराने औषध शरीरातून लवकर निघून जातं, बिडी बंद झाली की तेवढ्याच गोळीचा जोर वाढतो. ही सगळी कटकट आहे. पण त्या वर्षी पावसाळ्यात पुण्याचा माणूस बोलायचा बंद झाला. आपल्याकडचा अजून कधीमधी असतो. दादा म्हणतो, तो तसा निरुपद्रवी आहे.

आता दादाचं काय चालतं? पहाटे साडेपाचला दूध आणतो, चार घरांचं, आणि त्याचा हिशेब पैशापर्यंत चोख असतो. फेब्रुवारी ते एप्रिल ओळखीच्यांच्या बेदाण्याच्या शेडवर जातो, तीन तास. रॅकवरून उतरलेला बेदाणा निवडायचा, काड्या वेगळ्या, काळे दाणे वेगळे. बायका बोलत असतात, तो बोलत नाही, त्यांना त्याची सवय झाली आहे. चौथ्या तासाला हात थांबतो, मग उठून घरी. अपंगत्वाचं कार्ड काढायला गेलो, २०१६ च्या कायद्यात मानसिक आजारही धरला आहे म्हणून, तर एका खिडकीवरचा माणूस त्याला खालीवर बघून म्हणाला, "हातपाय तर धड आहेत की." कार्ड मिळालं, पाचव्या खेपेला.

लेक मागच्या महिन्यात मला न सांगता डॉक्टरांना भेटून आली. एकटीच. रात्री जेवताना सांगितलं. लोकांमध्ये सर्वसाधारणपणे शंभरात एकाला आयुष्यात कधीतरी हा आजार होतो. सख्ख्या भावंडाला असेल तर शंभरात नऊच्या आसपास. मामाला असेल तर भाच्याला किंवा भाचीला चारच्या आसपास. हुबेहूब जुळ्यांतसुद्धा एकाला असला तरी साधारण निम्म्या वेळा दुसऱ्याला होत नाही. "म्हणजे माझे शहाण्णव टक्के," ती म्हणाली. मी भात कालवत राहिले. माझ्या डोक्यात नऊ होते. विशी-पंचविशीत ते नऊ माझ्याही मानगुटीवर होते, आणि मला तो आकडाही माहीत नव्हता. रात्री खिडकीबाहेर कोणी बोललं की मी आईला उठवून विचारायचे, तुला पण ऐकू आलं ना?

"तर मी खरं लिहिणार आहे," लेक म्हणाली. "बायोडेटावर नाही लिहीत, पण पहिल्या फोनला सांगणार. ज्याला जायचंय तो जाईल." यांनी मान हलवली. माझी हलली नाही. मी आई आहे, मला तिचे पंचवीस फोन दिसतात.

रविवारी तासगावला गेलो. लेकीने मोबाईल मामाच्या पुढे धरला आणि सरळ विचारलं, "मामा, इथे तुझ्या नावापुढे काय लिहू?"

दादाने चष्मा लावला. गणपतीपासून खालपर्यंत सगळं वाचलं, वेळ लावून. मग म्हणाला, "उंची चुकली आहे." आई पदरात तोंड घालून हसली.

"आणि मामा?"

"घरी असतो, लिही. दूध आणतो." जरा थांबून, "बेदाणा हंगामी आहे, तो नको."

तिने तसंच टाईप केलं. मामा : घरी असतात. मी काही म्हटलं नाही. निघताना तो गेटपर्यंत आला, जे तो सहसा करत नाही. गाडीच्या काचेवर बोट वाजवलं.

"मुलीच्या मामाने मुलीला बोहल्यावर आणायचं असतं ना?"

"असतं," मी म्हणाले.

"मंगलाष्टकं माईकवर म्हणतात?"

"म्हणतात. आपण आवाज कमी ठेवायला सांगू."

त्याने विचार केला. ओठ जरासे हलत होते. कितीचा पाढा होता ते कळलं नाही.

"येईन," तो म्हणाला. "फेटा नको."